चौथ्या अंकाचं अकरावं पान

मास्तर, तुमची नोकरी कुणामुळे गेली याबद्दल तुम्ही शेवटपर्यंत चुकीच्या माणसावर राग धरलात. तो माणूस चुकीचा आहे हे मला माहीत होतं, आणि मी गप्प बसलो. एवढं लिहायला मला दहा-अकरा वर्षं लागली. तुम्ही असता तर म्हणाला असता, लेका, तुले तं एक ओळ जुळवाले दिवस लागते, अन् तरी तिच्यात अक्षराचे दोन खिळे उलटे. खरं आहे. सरळ रस्त्याने कुठे पोचायची सवय मला कधी लागली नाही. निघतो महाल भागात जायला आणि सापडतो स्टेशनवर कुणाच्या तरी गाठोड्यांवर राखण करत बसलेला. म्हणून हे पण जरा वळसे घेत येईल, पण आज येईल.

तुमच्या प्रेसमध्ये मी आलो तोच असा वळशाने. मॅट्रिकला दोनदा आपटलो, मग काटोलला संत्र्याच्या पेट्या ठोकल्या, मग जत्रेत एक जादूगार भेटला त्याच्याबरोबर दोन महिने कबुतरांचे पिंजरे उचलत हिंडलो. त्याचं हँडबिल छापायला म्हणून मी महालातल्या त्या गल्लीत शिरलो. तुम्ही खिडकीपाशी शिशाच्या अक्षर-खिळ्यांच्या केससमोर उभे होता, शेकडो खणांची ती लाकडी केस, आणि मान न वळवता म्हणालात, "वाच मोठ्यानं." मला वाटलं कागद घेऊन बघतील, अक्षराला नावं ठेवतील. तुम्ही कागदाकडे पाहिलंही नाही. मी वाचत गेलो आणि तुमची बोटं खणांतून खिळे उचलत ओळ धरायच्या लोखंडी स्टिकमध्ये रचत गेली. कापलेली बाई पुन्हा जोडून दाखवणार, इथपर्यंत आल्यावर तुम्ही म्हणालात, "त्यात काय हाय? आमी रोज जोडतो, तिकीट नाही लावत." काउंटरवर बसलेले मुनीमजी एवढे हसले की त्यांचा चष्मा पावतीपुस्तकात पडला. जादूगार तीन दिवस हँडबिलांची वाट बघत राहिला असेल. मी परत गेलोच नाही. तुम्ही विचारलं, काम शिकतो काय, आणि मी हो म्हणालो, कारण त्या दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये उभं राहायला मला बरं वाटत होतं. दुसरं कारण नव्हतं.

म्हातारे तरी कुठे होता तुम्ही. पन्नाशीच्या थोडे पुढे. पण बाविशीतल्या पोट्ट्याला सगळेच म्हातारे.

तीन वाजले की समोरच्या हॉटेलातून एक चहा यायचा. एकच. कप तुमचा, बशी मुनीमजींची. बशीत जास्त गेला की कपात जास्त राहिला यावर रोज भांडण. मुनीमजी म्हणायचे, "मास्तर, तुमी वतता तवा हात थरथरते अन् माह्यासाठी थेंबच पडते." तुम्ही म्हणायचे, "बशीवाल्यानं बोलू नये. बशीले मान नसते." मग ते लग्नपत्रिकेचा एखादा मसुदा काढून नावं वाचायचे, वराच्या बापाच्या पदव्या कशा पत्रिकेबाहेर ओसंडून राहिल्या हे दाखवायचे, आणि दोघं हसायचे. मे महिन्यातली दुपार, बाहेर डांबर वितळतंय, आत खिडकीला लावलेली वाळ्याची ताटी अर्धी वाळलेली, शाईचा वास आणि हा हसण्याचा आवाज. त्या दिवसांत पेपर उघडला की महागाई, संप, दगडफेक. मासिकं उघडली तर नट्यांचे फोटो, नाहीतर जड जड विचार. मला वाटलं, हे कुणीच का छापत नाही? माणसं दिवसातून एकदा कशाने खूश होतात, एवढंच. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की मी मासिक काढणार. मुनीमजींनी विचारलं, "कशाबद्दल?" मी त्यांच्या हातातल्या बशीकडे बोट दाखवलं. तुम्ही म्हणालात, "बशीचं मासिक. आता हेच राह्यलं होतं." दोन दिवस तुम्ही दोघं त्या 'बशीच्या मासिका'वर हसलात, आणि तिसऱ्या दिवशी तुम्हीच विचारलं, नाव काय ठेवलं गा. मी म्हटलं, 'उगीच'. तुम्ही म्हणालात, नाव तं बराबर हाय.

माझ्यात खूप खोट आहे, पण त्या मासिकात नव्हती. अजून एखादा अंक जुन्या पेटीत सापडतो तेव्हा मी उभ्या उभ्या वाचतो. गच्चीवर झोपताना चादर किती ओली करायची आणि पहाटे कोणत्या कोपऱ्यात वारं येतं. संत्र्याचं साल न तुटता एका फेऱ्यात कसं काढायचं. गोळाभातावर फोडणी घालायची ती पानात की भांड्यात, यावर तीन बायकांची तीन मतं. गांधीसागर तलावाच्या काठावर कोणत्या झाडाखाली कोणत्या वेळी बसावं. शहरात कविता छापणारे माझे दोन मित्र होते, त्यांनी अंक उलटापालटा केला आणि विचारलं, यात क्रांती कुठंय? तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "त्याहिले म्हणा, आधी चादर वली करून झोपा एक रात." नावासाठी तुम्ही माळ्यावरून लाकडी अक्षरं शोधून काढलीत, जुन्या काळच्या पोस्टरांची, बोटभर उंच. धूळ पुसून माझ्या हातात ठेवलीत आणि म्हणालात, हे तुह्ये. आयुष्यात मला मिळालेली एवढी नेमकी वस्तू दुसरी नाही.

मालकांनी सुट्टीच्या दिवशी प्रेस वापरू दिली. कागद आमचा, शाई त्यांची. वर म्हणाले, रिकामटेकड्यांना खेळणं पाहिजेच. सगळ्यांसमोर म्हणाले. मी हसलो, पण ते वाक्य माझ्या आत रुतून राहिलं. ते तिथे रुतलं नसतं तर पुढचं काही झालं नसतं.

सुट्टीच्या त्या दिवशी प्रेस कशी शांत असायची. छापायचं ट्रेडल मशीन झाकलेलं. मी स्टुलावर बसून वाचतोय, तुम्ही उभ्याने लावताय. मी म्हणायचो, मास्तर, मजकूर समोर ठेवू का, तर तुम्ही म्हणायचे, तुह्या अक्षराचा भरवसा नाही, तूच वाच. प्रूफ वाचायला दिलं की म्हणायचे, ज्यानं लावलं त्यानं प्रूफ वाचू नये, आपले डोळे आपल्या चुका माफ करते. ते मला फार पटायचं. मी ते वहीत लिहूनही ठेवलं होतं. आणि एकदा तुम्ही मला मारलं. आठवतं? पहिला अंक छापून झाल्यावर मजकूर मोडून एकेक खिळा आपापल्या खणात परत टाकायचा होता. मी खिडकीतून वराती बघत, कुठल्यातरी बँडच्या तालावर खिळे टाकत होतो. दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी पत्रिकेत 'मंगल'च्या जागी 'नंगल' आलं. मुनीमजींनी प्रूफात धरलं म्हणून वाचलं. तुम्ही माझ्या मनगटावर स्टिकने असा फटका दिलात की हात दोन दिवस सुजला. मला राग मारण्याचा आला नाही, एवढ्याशा चुकीला एवढं काय, याचा आला. तुम्ही म्हणालात, "माह्या केसमंदी एका घरचं अक्षर दुसऱ्या घरात गेलं तं मी मेलो, समजलं काय?" मी समजलो नाही. मुनीमजी मात्र काउंटरवरून उठून आले आणि त्यांनी अख्खी केस खण खण तपासून दिली, जेवणाची सुट्टी घालवून. मला वाटलं, मैत्री म्हणून.

चौथ्या अंकात आम्ही 'हातचं काम' असं एक सदर सुरू केलं. ज्यांना आपल्या कामातच सुख आहे अशी माणसं. पहिला माणूस कोण हे ठरवायला मला क्षणही लागला नाही. मी लिहिलं, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं लिहिलं. की आमच्या प्रेसमध्ये एक जुळारी आहेत जे डोळे मिटून अख्खी लग्नपत्रिका लावतात. त्यांना अक्षर बघावं लागत नाही, अक्षराचं घर त्यांच्या बोटांना पाठ आहे. खिळ्याची खाच अंगठ्याला लागली की तो सुलटा, नाहीतर उलटा. ते खिडकीकडे तोंड करून उभे असतात, उन्हाकडे, आणि हात आपलं काम करत असतात, जसा एखादा माणूस बोलता बोलता मांजरीच्या पाठीवरून हात फिरवतो.

ते मीच तुम्हाला वाचून दाखवलं आणि तुम्हीच ते लावलंत. तो दिवस मी इतक्या वेळा उलटून पाहिलाय की आता त्यातलं माझं किती आणि खरं किती, सांगता येत नाही. तुम्ही लावत होता. 'डोळे मिटून' या शब्दांशी तुमचा हात थांबला. मी वर पाहिलं. तुम्ही म्हणालात, "मिटले काय अन् उघडले काय." मग ओळ पुरी केलीत. थोड्या वेळाने, जणू सहज, विचारलंत, "हे मालकाच्या हाती पडते काय?"

"मालक कायले वाचते, मास्तर? ते तं रिकामटेकड्यांचं खेळणं म्हणते याले."

"मंग ठीक हाय," तुम्ही म्हणालात. "चाळीस वर्स झाले, दुसऱ्यांचीच नावं लावून राह्यलो. वाच समोर." आणि मांजरीचं वाक्य तुम्ही मला पुन्हा वाचायला लावलंत. ऐकू आलं नाही म्हणून नाही. त्या पानात एकही चूक नव्हती मास्तर, काना नाही, मात्रा नाही.

आता ते सांगतो. अंक शिवून झाला त्याच्या दुसऱ्या सकाळी मी प्रेस उघडायच्या वेळेला आलो, माझ्यासाठी ही केवढी लवकर वेळ हे तुम्हाला ठाऊक आहे. मालक यायचे होते. मी त्यांच्या टेबलावर, टपालाच्या गठ्ठ्यावर, एक अंक ठेवला. अकरावं पान, तुमच्यावरच्या लेखाचं, वर येईल असा दुमडून. पंख्याने उलटू नये म्हणून त्यावर पेपरवेटही ठेवला. मला एवढंच हवं होतं की त्यांनी वाचावं आणि कबूल करावं की हे खेळणं नाही. तुमच्यासाठी ठेवला असं तेव्हा मनाशी म्हणत होतो, तुमचं कौतुक होईल वगैरे. तुमच्यासाठी नव्हता ठेवला. तुमच्या डोळ्यांचं मला माहीत नव्हतं, हेही मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगितलंय. माठातलं पाणी तुम्ही पेल्याच्या बाहेर ओतताना मी पाहिलं होतं. उंबऱ्याशी पाय आधी चाचपताना पाहिलं होतं. कामगारांच्या हजेरीवर सही करताना मुनीमजी तुमच्या बोटाखाली कागद सरकवून देत, तेही. सगळे खिळे होते समोर. मी जुळवले नाहीत, कारण जुळवले असते तर लेख लिहिता आला नसता.

दोन दिवस अंक त्यांच्या टेबलावर त्याच पानावर उघडा दिसला, बाकी काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मालक आतून आले, हातात एक कागद. फार गोडीने बोलले. म्हणाले, मास्तर, हे जरा वाचून दाखवता का, पार्टी थांबली आहे. ट्रेडल चालवणारा थांबला. मुनीमजी काउंटरवरून अर्धे उठले आणि त्यांनी खोकल्यासारखं केलं, पण मालकांनी त्यांच्याकडे हात करून त्यांना बसवलं. तुम्ही कागद घेतलात, उजेडाकडे धरलात. लग्नाचे दिवस, सगळी प्रेस पत्रिकांनी भरलेली, तुम्ही काय समजायचं ते समजलात. आणि खणखणीत आवाजात सुरुवात केलीत, आमचे येथे श्रीकृपेकरून. दोन ओळी म्हटल्यात. मला कागदाची छापील बाजू दिसत होती, माझ्याकडेच होती ती. मालकांनी तुमच्या हातातून कागद हळूच काढून घेतला.

"मास्तर, हे तेलघाण्याचं बिल आहे."

तुम्ही रिकामा हात थोडा वेळ तसाच वर धरून ठेवलात. मग केसकडे वळून अर्धवट ओळीची स्टिक उचललीत. "वळ अर्धी हाय," तुम्ही म्हणालात. "पुरी करून जातो." आणि पुरी केलीत. कोण वाचून दाखवणार होतं तेव्हा? पण केलीत, हात धुतलेत, टोपी घातलीत. मुनीमजी तुम्हाला सोडायला दारापर्यंत आले तेव्हा तुम्ही कोपर सोडवून घेतलंत. त्यांच्यावरचा तुमचा राग मला दिसला तो पहिल्यांदा तेव्हा.

मी काय केलं? आठवड्याने काटोलला निघून गेलो. संत्र्याचा मोसमही नव्हता, बागांत बसून पाखरं हाकलली. पाचवा अंक निघाला नाही. कुणी विचारलं तर सांगायचो, वेळ मिळत नाही.

तीन महिन्यांनी तुमच्या घरी आलो. स्वयंपाकघरातच बसला होता तुम्ही, पाटावर, पुढ्यात सांबार, कोथिंबिरीची मोठी जुडी. एकेक काडी बोटांत फिरवून पिवळी पानं वेगळी काढत होता आणि एकही चुकत नव्हतं. काकूंनी माझ्यापुढे गोळाभात वाढला. मी खूप दिवसांनी पोटभर जेवत होतो आणि मनाशी म्हणत होतो, एवढा घास संपला की सांगतो, हा संपला की सांगतो. तेवढ्यात तुम्हीच बोललात. म्हणालात, मुनीमनं घात केला गा. दोन वर्सं त्यानं नावं वाचून देल्ली, कोणाले कळू देल्लं नाही, अन् मंग मालकाच्या कानात जाऊन सांगतलं. काहून सांगतलं असन, तेच समजून नाही राह्यलं. काकू म्हणाल्या, अहो, नसन सांगतलं त्याहिनं. तुम्ही म्हणालात, "मंग मालकाले कसं समजलं वं? तो काही वाचत नाही. हाच म्हणाला होता." आणि तुम्ही माझ्या दिशेला, पण माझ्या थोडं बाजूला, भिंतीकडे बघितलंत.

माझ्या तोंडात घास होता. तो मी गिळला. मग म्हणालो, "असन, मास्तर."

त्याच दुपारी अंगणात सायकल लावल्याचा आवाज आला. तुम्ही लगेच ओळखलीत, कुणाची ते. आवाज न चढवता काकूंना म्हणालात, झोपले म्हणा. काकू दारात गेल्या. मी आतून बघत होतो. मुनीमजींच्या काखेत घडी घातलेला पेपर होता. तुम्हाला वाचून दाखवायला आले होते. काकूंनी सांगितलं, झोपले हायेत. मुनीमजींनी उंबऱ्याशी माझ्या चपला पाहिल्या, मग काकूंकडे पाहिलं, आणि म्हणाले, बरं, मंग येतो. पेपर ओट्यावर ठेवून गेले. काकूंनी नंतर मला सांगितलं की असे ते पाच-सहा रविवार आले. मग थांबले. दिवसातून एकदा माणसं कशाने खूश होतात ते छापायला मी निघालो होतो, मास्तर, आणि माझ्या डोळ्यांदेखत असलेली तेवढी एक गोष्ट मी मोडली.

तुम्ही गेलात तेव्हा मी छिंदवाड्याकडे होतो, कुणाच्या तरी उसाच्या चरख्यावर. निरोप महिन्याने पोचला. काकूंना भेटायला गेलो तर त्या म्हणाल्या, स्मशानात मुनीमजी सगळ्यांच्या मागे उभे होते आणि सगळ्यांच्या शेवटी निघाले.

आता त्या प्रेसमध्ये ऑफसेट आहे. खिळे वजनावर गेले. मी दोन वर्षांपासून नागपुरातच आहे, एकाच खोलीत, तुमचा विश्वास बसणार नाही. परवा कॉटन मार्केटात मुनीमजी भेटले. खूप वाळलेत. पिशवीत चार वांगी. माझ्या खांद्यावर हात ठेवून घरचं, कामाचं विचारलं, मासिकाचं विचारलं, चांगलं होतं म्हणाले, बंद काहून केलं. मी काहीतरी बोललो. निघताना थांबले. म्हणाले, "एक विचारू काय? मास्तर माह्यावर काहून रुसले होते गा? तुह्याजवळ तं बोलत होते." असं विचारलं, जणू उत्तर मिळण्याची आशा सोडून फार दिवस झालेत. मी म्हणालो, आजारपणात माणूस तसा होते, मुनीमजी, मनावर घेऊ नका. त्यांनी मान हलवली. हो, तसंच असन, म्हणाले, आणि पिशवी दुसऱ्या हातात घेऊन गर्दीत गेले.

तेव्हापासून हे लिहीन म्हणत होतो. आज बसलो. मुनीमजींचं घर इथून सायकलने दहा मिनिटं आहे, आणि त्यांना चष्म्याने अजून सगळं वाचता येतं. हा कागद मी त्यांच्यासाठीच घेतला होता, मास्तर. वर त्यांचं नाव लिहायचं होतं. तुमचं लिहिलं.